सिंकखालची पेटी: ग्रीस ट्रॅप कसा बसवायचा, कसा सांभाळायचा

हिवाळ्यात सकाळी पावणेसातला फोन वाजला, की कुठल्या तरी मेसची नाहीतर हॉटेलची मोरी तुंबलेली असते. स्वयंपाकघरांच्या ड्रेनेजची कामं करताना इतक्या वर्षांत हे पाठ झालंय.

गेल्या डिसेंबरातला असाच एक फोन पुण्याच्या सदाशिव पेठेतला होता. शे-सव्वाशे मुलांची मेस. ओट्यावर पोह्यांचं पातेलं तयार, बाहेर मुलं खोळंबलेली, आणि आत सिंकमधलं पाणी खाली जाण्याऐवजी मोरीच्या जाळीतून वर येत होतं. भांडी घासणाऱ्या मावशी घोटाभर तेलकट पाण्यात उभ्या होत्या. सिंकखाली स्टीलचा ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल धरून ठेवणारी पेटी, होता. जाड पत्र्याचा, चांगला, वर्षही झालं नव्हतं. क्लिपा सोडून झाकण उचललं तर आत पाण्यावर तेलाचा थर जेमतेम बोटभर. रोज रस्सा, रोज काहीतरी तळण, आणि थर बोटभरच? मग टॉर्च मारून पाणी बाहेर पडतं ती बाजू बघितली. तिथे खाली वळलेला पाइपाचा तुकडा असायला हवा होता. तो करवतीने कापलेला होता. मेस चालवणाऱ्या काकूंना विचारलं.

"काकू, हा पाइप कुणी कापला?"

"अहो दादा, पाणी फार हळू जात होतं ना. मागच्या प्लंबरने मोकळं करून दिलं. त्यानंतर दोन-तीन महिने काहीच त्रास नव्हता बघा."

त्रास नव्हता, कारण तेल पेटीत थांबतच नव्हतं. ते सरळ पुढच्या लाइनीत जाऊन तिथे साचत होतं. थंडी पडली, ते घट्ट झालं आणि लाइन बंद. काकूंची काही चूक नव्हती. पेटी विकणाऱ्याने ती काम कशी करते हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. हे समजलेलं असतं, तर तो पाइप त्यांनी कुणाला कापू दिला नसता. म्हणून हा लेख.

तर्री वर का येते

रश्श्याचं पातेलं गॅसवरून उतरवून पाच मिनिटं तसंच ठेवलं, की तर्री आपोआप वर येते. ढवळत राहिलात तर येत नाही. ग्रीस ट्रॅपचं सगळं शास्त्र एवढंच आहे. एक लिटर पाणी एक किलो भरतं, एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ते 920 ग्रॅम. हलकं असल्यामुळे ते तरंगणारच, फक्त त्याला वर यायला वेळ आणि शांतता हवी. पेटी ही त्या वेळेची जागा. पाणी धडाधडा येतं, पेटीत आलं की त्याचा वेग मोडतो, तेल वर चढतं, खरकट्याचे कण खाली बसतात, आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी बाहेर जातं. तेल जाळणं, जिरवणं, नाहीसं करणं यातलं काहीही पेटी करत नाही. ती फक्त धरून ठेवते. धरलेलं कुणीतरी काढायचं असतं.

आता कापलेल्या पाइपाचं काम बघा. पेटीत पाण्याची पातळी नेहमी बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या उंचीवर राहते, म्हणजे तेलाचा थर बरोबर त्या तोंडासमोरच तरंगत असतो. तिथे नुसतं भोक असेल तर पहिल्यांदा तेलच बाहेर जाईल. म्हणून त्या तोंडाला टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा जोड, बसवतात आणि टीचा खालचा पाय पाण्यात खोल, तळापासून थोडा वर राहील इतका उतरवतात. म्हणजे पाणी खालून उचललं जातं आणि वरचा थर जागेवर राहतो. काही पेट्यांमध्ये टीऐवजी आडपट्टी असते, काम तेच. हा पाय काढला की पेटी म्हणजे नुसता रुंद पाइप.

वेळ किती लागतो याचा हिशोब जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 साली मांडलेल्या नियमाने करता येतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला तर वर चढण्याचा वेग निम्मा नव्हे, चौथाई होतो. साध्या पाण्यात 150 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या भागाएवढा तेलाचा थेंब सेकंदाला साधारण एक मिलिमीटर चढतो. 40 सेंटिमीटर खोल पेटीत तळाशी असलेला असा थेंब वर यायला सात मिनिटं घेईल. तोच थेंब फुटून 15 मायक्रॉनचा झाला, तर त्याला अकरा तास लागतील. अकरा तास पाणी कुठल्याच पेटीत थांबत नाही.

थेंब फोडतं कोण? भांड्यांचं लिक्विड आणि कढत पाणी. लिक्विडचं कामच ते आहे, तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळून टाकायचं. ताट स्वच्छ होतं, आणि तेच तेल दुधासारखं पांढरट पाणी होऊन पेटीतून न थांबता निघून जातं. पुढे पाइपात पाणी गार होतं, साबण पातळ होतो आणि तेल पुन्हा सुटं होऊन भिंतीला चिकटतं. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी लिक्विडची बाटली दाखवायला सांगतो. टोपणभर पुरतं तिथे धार धरायची सवय असेल, तर कितीही महाग पेटी आणली तरी तिचा अर्धा उपयोग मोरीत गेला.

लाइनीत काय होतं

त्या दिवशी आम्ही जेटिंग मशीन, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारणारं यंत्र, लावून लाइन मोकळी केली. चेंबरमध्ये जे बाहेर आलं ते मी काकूंना मुद्दाम हातात धरून दाखवलं. मुठीएवढे पांढरे-पिवळट खडे. बाहेरून खडूसारखे, नखाने खरवडलं तर मेणबत्तीसारखे निघणारे. ते तेल राहिलेलं नसतं. तेल सडलं की त्यातून फॅटी ॲसिड सुटतात. पाण्यातलं आणि सिमेंटच्या चेंबरमधून झिरपणारं कॅल्शियम त्यांना भेटलं की कॅल्शियमचा साबण तयार होतो. हा साबण पाण्यात विरघळत नाही. खडकवासला धरणातून येणारं नळाचं पाणी मऊ आहे, पण पुष्कळ मेस आणि हॉटेलं भांड्यांना बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी वापरतात, आणि आपल्या बसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे जास्त कॅल्शियमचं, असतं. तवंग आणि जड पाणी एकत्र आले की असे खडे धरायला वेळ लागत नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली गटारात सापडलेला असाच गोळा 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा होता. पेठांमधल्या जुन्या, अरुंद लाइनींना तुंबायला त्याचा हजारावा भागही पुरतो.

थंडीचा संबंधही इथेच आहे. शेंगदाणा आणि सूर्यफुलाचं तेल पुण्याच्या थंडीत गोठत नाही. वनस्पती तूप, साजूक तूप, पाम तेल आणि मटणाची चरबी मात्र घट्ट होतात. मेसमध्ये मिश्रण काय आहे त्यावर लाइन डिसेंबरात बसते की मार्चपर्यंत तग धरते, हे ठरतं.

लाइन तुंबली नाही तर ते तेल कुठे जातं, हेही डोळ्यासमोर असू द्या. चांगल्यात चांगलं म्हणजे महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात. तिथे पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते आणि तवंग त्यांच्यापर्यंत हवा पोचू देत नाही. लाइन फुटून वाहत असेल, किंवा थेट ओढ्यात सोडलेली असेल, तर मुठेत, संगमावरून मुळा-मुठेत, पुढे भीमेत आणि उजनीत. पर्यावरण संरक्षण नियम 1986 खालच्या सर्वसाधारण मानकांत सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीसची मर्यादा लिटरला 20 मिलिग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत चहाचे चारेक चमचे तेल. एका कढईच्या बुडाला त्याहून जास्त राहतं.

केवढी घ्यायची

दुकानदार लिटर सांगतो, तुम्ही मिनिट विचारा. एक हिशोब करून दाखवतो. सिंक 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, 30 खोल असेल तर 81 लिटरचं झालं. भांडी घासताना ते पाऊण भरतं, म्हणजे 60 लिटर. बूच काढल्यावर दीड मिनिटात रिकामं होत असेल, तर मिनिटाला 40 लिटर. अशी दोन सिंकं एकदम सोडली तर 80. सिंकखाली 50 लिटरची पेटी असेल, तर त्यात पाणी 40 सेकंदही थांबत नाही. वरचा सात मिनिटांचा थेंब आठवा. सात मिनिटं थांबवायचं तर 560 लिटरची जागा हवी. बाहेर जमिनीत चेंबर करतात तेव्हा अर्धा तास धरायची पद्धत आहे, म्हणजे या मेसला 2400 लिटर.

मग सिंकखालच्या पेट्या निरुपयोगी का? नाही. त्यांची खोली कमी असते, त्यामुळे थेंबाला चढायचं अंतरही कमी. आतल्या आडपट्ट्या पाण्याला लांबून फिरवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, येणाऱ्या पाइपात प्रवाह अडवणारी लहान भोकाची चकती बसवता येते, म्हणजे सिंक सावकाश रिकामं होतं. ती चकती बरेच प्लंबर फेकून देतात, कारण मालकाला पाणी पटकन जायला हवं असतं. पेटी घेतानाच मनाशी ठरवा की सिंक आता हळू रिकामं होणार, आणि ते बरोबर आहे.

माझं मत सांगतो. पोळी-भाजी केंद्र, चहा-नाश्त्याचं दुकान, छोटं किचन, यांना सिंकखालची पेटी ठीक. शंभरावर पानं उठणारी मेस किंवा तंदूर-कढई चालणारं हॉटेल असेल आणि मागे अंगण असेल, तर जमिनीतला दोन कप्प्यांचा चेंबरच करा. पेठेत वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अंगण कुठून आणणार? काकूंकडे नव्हतंच. तिथे आम्ही प्रत्येक सिंकला वेगळी पेटी आणि चकती दिली, आणि दोन्ही सिंकं एकाच वेळी सोडायची नाहीत असं मावशींशी बोलून ठरवलं. चेंबरइतकं नाही, पण पुष्कळ चालतं. घरगुती स्वयंपाकघराला ही पेटी सहसा लागत नाही. कढई पुसून घासली आणि जाळी ठेवली तरी पुरतं.

बसवताना

पेटीत फक्त स्वयंपाकघराचं पाणी यावं. संडास-बाथरूमची लाइन चुकूनही जोडू नये, पावसाची पन्हळही नाही. पेटीच्या आधी खरकटं धरणारी जाळीची टोपली हवीच. कणकेचं पाणी, भाताची पेज, वाटणाचा चोथा तळाशी बसून आंबतो, आणि ज्याला लोक पेटीचा वास म्हणतात तो बहुतेक या चोथ्याचा असतो.

स्पिरिट लेव्हल लावून पेटी समतल बसवा. येणारं तोंड जाणाऱ्या तोंडापेक्षा थोडं वर हवं, नाहीतर पाणी सिंकच्या पाइपात मागे चढून राहतं. प्रत्येक गवंड्याला मी हे स्वतः दाखवतो, कारण पेटी उलटी जोडलेली मी बघितली आहे. पत्र्यावर बाणाची खूण असते, ती बघा. झाकणाला रबराची गॅसकेट नीट बसलेली असावी, आणि बाहेर जाणाऱ्या लाइनीला हवेचा पाइप असावा. तो नसेल तर सिंकचं पाणी जाताना पेटीतलं पाणी ओढून नेतं, गडगड आवाज येतो आणि तेल त्याबरोबर निघून जातं.

आणि झाकण उघडायला वर जागा ठेवा. ही साधी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. पेटी बसते, मग तिच्यावर कांद्याची पोती येतात, गॅसच्या टाक्या येतात, कुणी तर ओट्याची फळी ठोकतं. जी पेटी उघडायला पाच मिनिटं सामान हलवावं लागतं, ती कुणी उघडत नाही.

जमिनीतला चेंबर विटांचा असेल तर आतून नुसतं सिमेंटचं प्लास्टर पुरत नाही, कारण फॅटी ॲसिड सिमेंट खातात. आत इपॉक्सीचा थर द्या, किंवा सरळ एफआरपीची (फायबरग्लासची) नाहीतर जाड प्लॅस्टिकची तयार टाकी पुरा. झाकणाची कड जमिनीपासून चार बोटं वर घ्या. जुलैत अंगणात पाणी साचतं, ते चेंबरमध्ये शिरलं की महिनाभर साठवलेला थर एका सरीत लाइनीत ढकलून देतं.

सांभाळताना

मुख्य काम पेटीत नाही, ताटात आहे. भांडं पाण्याखाली धरायच्या आधी रबराच्या खरवडणीने नाहीतर कागदाने पुसायचं आणि ते ओल्या कचऱ्यात टाकायचं. पुसलेलं तेल साबणाला भेटतच नाही, म्हणून ते फुटत नाही. तळणाचं उरलेलं तेल तर सिंकच्या आसपासही येऊ देऊ नये. ते गार करून डब्यात साठवा. 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलातल्या टोटल पोलर कंपाउंडची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणाऱ्या खराब घटकांची, मर्यादा 25 टक्के आहे, त्यापलीकडे गेलेलं तेल खाण्यात वापरता येत नाही. असं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना द्यायची रुको ही योजना एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेने त्याच वर्षी सुरू केली. या तेलाचे पैसे मिळतात. पेटीतल्या सडक्या तेलाचे मिळत नाहीत, उलट ते न्यायला पैसे द्यावे लागतात. दोन्ही एकत्र करू नका.

पेटी कधी साफ करायची, हे तारखेवर नाही, थरावर ठरवा. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, ती पेटीत तळापर्यंत हळू उभी सोडा, वरचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि बाहेर काढा. नळीत पेटीचा उभा काप दिसतो. वर पिवळट थर, मध्ये गढूळ पाणी, खाली काळा गाळ. वरचा आणि खालचा थर मिळून एकूण उंचीच्या चौथ्या भागाला पोचले, की त्याच दिवशी साफ करा. 40 सेंटिमीटर पाणी असेल तर दोन्ही मिळून 10. यापुढे मधली जागा इतकी अरुंद होते की पाण्याचा वेग वाढतो आणि साठलेलंच वाहून जायला लागतं. सुरुवातीचे दोन महिने दर तिसऱ्या दिवशी मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तुमच्या स्वयंपाकाला किती दिवस लागतात ते आपोआप कळेल. सिंकखालच्या पेटीला बऱ्याचदा आठवडाच लागतो. बाहेरच्या मोठ्या चेंबरसाठी युरोपातलं ईएन 1825 मानक महिन्यातून निदान एकदा आणि शक्यतो दर पंधरा दिवसांनी रिकामा करा, असं सांगतं. ते मला इथेही पटतं.

साफ करायची वेळ पहाटेची, चूल पेटायच्या आधी. रात्रभर पाणी हललेलं नसतं, थर घट्ट होऊन वड्या पडाव्यात तसा निघतो. हातमोजे घालून सपाट झाऱ्याने तो उचला, मग पाणी काढा, गाळ काढा, आडपट्ट्या आणि टी बाहेर घेऊन घासा. हे सगळं झाकणाच्या डब्यात भरायचं. कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या बादलीत हा पातळ राडा ओतू नका. त्या तो हाताने हाताळतात. ग्रीस ट्रॅपचा कचरा नेणाऱ्या परवानाधारक गाडीलाच द्या आणि पावती ठेवा.

वर काहीजण सांगतात, उकळतं पाणी ओता, कॉस्टिक सोडा टाका, एन्झाइमची पुडी सोडा. उकळत्या पाण्याने थर वितळतो आणि लाइनीत जाऊन परत बसतो. कॉस्टिक तेलाचा साबण करतं, तो पुढे जातो, शिवाय हात भाजतात. एन्झाइमने पातळ झालेलं तेल पुढे गेल्यावर तेलच असतं. तुंबणं शेजाऱ्याच्या चेंबरपर्यंत सरकवलं, इतकाच फरक.

एक गोष्ट मात्र मी आवाज चढवून सांगतो. जमिनीतल्या चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. आतला गाळ हवेशिवाय सडतो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं. "वास गेला, आता उतर" असं म्हणणारा मुकादम मी ऐकलाय, आणि त्या मुलाला दंडाला धरून मागे ओढलंय. सुरक्षा साधनांशिवाय गटार आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. चेंबर सक्शनच्या गाडीनेच उपसायचा, आणि झाकण उघडल्यावर वाकून आत तोंडही घालायचं नाही. मालकाचे सक्शनचे पैसे वाचावेत म्हणून कुणाचा तरी मुलगा खाली जातो, हे मला अजूनही सहन होत नाही.

साफ करून झाल्यावर एक शेवटचं काम उरतं, आणि ते घाईत राहून जातं. टी जागेवर बसवा, तिचा पाय पाण्यात उतरलाय ना ते बघा, मग पेटी साध्या गार पाण्याने भरा. बाहेर जाणाऱ्या तोंडातून पहिली धार पडेपर्यंत भरा. पेटी रिकामी ठेवलीत तर टीचा पाय उघडा राहतो आणि भांड्यांचं पहिलं तेलकट पाणी न थांबता निघून जातं. काकूंच्या मावशी आता बादली घेऊन ते स्वतः करतात. धार पडली की "झालं काकू" म्हणतात, क्लिपा लावतात आणि कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करतात.